देशमुखांची पत्रं आणि आमचा नाना पोस्टमन

आमच्या नाना पोस्टमनला कोणतीही गोष्ट सांगा, तो एकच विचारतो, "कागद शे का?" म्हणजे कागदावर लिहिलेलं आहे का. नातू झाला म्हणा. "कागद शे का?" आमच्या आज्याने ही विहीर खोदली म्हणा. "कागद शे का?" वर पाऊस पडत असला तरी हा विचारायला कमी करणार नाही.

हे खूळ देशमुखांच्या पत्रांमुळे लागलं. देशमुख म्हणजे गावातलं मोठं घर. पोरं शहरात गेली, घर विकलं, आणि सगळं जुनं टपाल रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलं. तारेत ओवलेली पत्रं, प्रत्येकाला मधोमध भोक. नाना काट्यापुढे आडवा झाला. "हे बठ्ठं टपाल मी वाटेल शे!" खोटं. निम्मं त्याच्या बापाने वाटलं, तोही पोस्टमनच. रद्दीवाला ऐकेना, तेव्हा नानाने त्याला आपली सायकल दिली आणि तारा घरी आणल्या. तेव्हापासून पायीच हिंडतो.

नानाचा नियम असा, की हात धुतल्याशिवाय पत्राला शिवायचं नाही आणि पत्र तारेतून काढायचं नाही. तारेवरचा क्रम मोडला की गावाचा क्रम मोडला. धुळ्याहून कॉलेजचे सर आले, त्यांनाही दोनदा हात धुवायला लावले. सरांना मोठ्या पुढाऱ्यांची पत्रं हवी होती. नाना म्हणाला, "पुढारी एक दिवस जेवून गेले, सर. गाव यात बघा. ताप कोणाला आला, शाळेला जागा कोणी दिली, कोणत्या विहिरीला पाणी लागलं." सर तीन दिवस त्याच्या ओट्यावर बसून लिहीत होते. आमच्या गावाचा इतिहास धुळ्याचा माणूस मांडी घालून लिहितो, हे बघून माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू?

माझी बायको केसर गेली तेव्हा मात्र या माणसाचा मला संताप आला. दहाव्याला बाया म्हणत होत्या, केसरबाईचा पाय लागला की घर हसायचं. आणि हा कोपऱ्यातून म्हणतो, "कागद शे का?" मी ओरडलो, "उठ नाना, निघ इथून!" माझ्याजवळ तिचे कागद दोनच, रेशनकार्ड आणि मृत्यूचा दाखला. त्यात ती कुठे आहे?

नाना खाली मान घालून गेला. सहा महिने दिसला नाही.

परवा दारात उभा. डोळे लाल. म्हणाला, "भाऊ, हात धुई ये." मी धुतले. त्याने खिशातून एक पत्र काढलं. तारेतून सोडवलेलं! धुळ्याला दिलेल्या देशमुखांच्या लेकीने आईला लिहिलेलं. मी चौथी शिकलेला, बोट ठेवून वाचलं.

"बाळंतपणाला केसरला पाठव. तिच्या हातची कळण्याची भाकरी खावीशी वाटते. ती आली की घर हसतं. तिचा नवरा कुरकुरेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नको."

कुरकुरलो होतोच. आठ दिवस सांगून महिनाभर राहिली, आणि मी करपलेल्या भाकरी खाल्ल्या. मी हसलो, मग हसता हसता रडलो.

"बठ्ठ्या तारा धुंडाळल्या," नाना म्हणाला. "आता कोणी विचारलं तर सांग, कागद शे."

मी विचारलं, "नाना, तुझं नाव सापडलं का रे कुठे?"

त्याने पत्राची नीट घडी केली. "पत्र आणणाऱ्याचं नाव पत्रात कोण लिहिणार, भाऊ?"

घरी त्याचं कोणी नाही. त्याच्या नावाचं पत्र मी तरी कधी पाहिलं नाही.

म्हणून मीच लिहायला बसलो. अक्षर वाकडं आहे, तो हसेल. उद्या हात धुऊन त्याच्या दारात जाईन आणि हे त्याला देईन. मधोमध थोडी जागा सोडली आहे, तार जायला.