आधी मी, मग दादा

"घाबरायचं काय त्यात? आधी मी करून घेतो, मग तू!" असं मी दादाला छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच फसलो.

दादाला गेले कित्येक महिने घास गिळताना त्रास होत होता. शर्ट अंगावर लोंबायला लागले होते. डॉक्टरांनी घशातून नळी घालून तपासायला सांगितलं, पण हा पठ्ठ्या ऐकेल तर शपथ! वहिनी रडकुंडीला आल्या. मला आपलं साधं पित्त, पण तीच तपासणी मलाही लिहून दिली होती. म्हटलं, मी हसत बाहेर आलो की दादाही जाईल. आतून मात्र माझी पाचावर धारण बसली होती. दादाचं काय निघेल, ही धास्ती वेगळीच.

भूल कुठली घ्यावी याची मी रीतसर चौकशी केली. शेजारचे काका म्हणाले, "नुसता घशात फवारा मार. घसा बधिर होतो, बाकी सगळं कळतं." सगळं कळतं? नको रे बाबा! मेहुणा म्हणाला, "पूर्ण भूल घ्या, गाढ झोप!" आणि जागच आली नाही तर? ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "गुंगीचं इंजेक्शन बरं. धड झोप नाही, धड जाग नाही." हे तर त्याहून भयंकर!

दवाखान्यात दादासमोर मी ऐटीत म्हणालो, "आपल्याला फवारा पुरे!" आत गेलो, नळी पाहिली. केवढी ती लांब!

"सिस्टर, फवारा, इंजेक्शन, भूल, असेल ते सगळं द्या!"

डॉक्टर हसले आणि त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. मी पडून वाट बघतोय, गुंगीचा पत्ता नाही! तेवढ्यात पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले, "चला, नळी तयार करा."

बापरे! मी तर टक्क जागा! खाटेवरून उतरलो, पाठीमागून उघडा गाऊन एका हाताने धरला आणि लटपटत बाहेर पळालो.

"दादा, पळ! इंजेक्शन लागूच पडत नाही!"

दादा जणू याचीच वाट बघत होता. पुढे तो, मागे मी! लिफ्टच्या दारात वहिनी आडव्या उभ्या राहिल्या.

"खबरदार! भाऊजी, तुम्हीसुद्धा?"

मागून सिस्टर धापा टाकत आल्या. "अहो, कुठे निघालात? तुमची तपासणी मघाशीच झाली! ती तयारी पुढच्या पेशंटची होती!"

"काहीतरीच! मला तर काही आठवत नाही!"

"त्या इंजेक्शनने नाहीच आठवत. नळी काढल्यावर डॉक्टरांचा हात धरून एकच घोकत होतात, 'माझं काही का निघेना, दादाचं चांगलं निघू दे.'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा डोळे पुसत म्हणाला, "सिस्टर, याला दिलं तेच मला द्या."

दादाच्या अन्ननलिकेत नुसती जखम निघाली. औषधाने भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. वहिनींनी हात जोडले आणि मी भर दवाखान्यात रडलो.

थोड्या वेळाने दादाने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पाय खाली सोडले.

"दादा, झाली तुझी तपासणी! मी सांगतो ना!"

"तू सांगतोस?" त्याने मला नखशिखांत न्याहाळलं. "मग नक्कीच झालेली नाही!"

आणि निघाला की हो लिफ्टकडे!