नानांच्या जीपचे दिवे

आमचे शेजारी नाना टिपणीस यांच्या जीपचे दिवे अख्ख्या हेंद्रेपाड्यात सगळ्यात प्रखर होते, आणि ती जीप दिवेलागणीनंतर कधीही घराबाहेर पडत नसे. या दोन गोष्टींचा मेळ मी तीन वर्षं घालत होतो. तो काही बसेना.

बदलापुरात तेव्हा आमच्या गल्लीतलं ऐश्वर्य म्हणजे दोन स्कूटर. त्यात नानांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणून उभी केली. नाना अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे अधिकारी होते आणि जगातला कुठलाही बिघाड त्यांच्या मते एकाच जागी असे. "आधी अर्थिंग बघा!" मिक्सर बंद पडला, आधी अर्थिंग बघा. मला टायफॉइड झाला तेव्हा भेटायला आले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अनवाणी चालत जा रे जरा." समोरच्या घरातली मुलगी सासरशी भांडून परत आली, तेव्हा सगळी हकिकत ऐकून गंभीरपणे म्हणाले, "लग्नाआधी दोन्ही घरांचं अर्थिंग तपासायला हवं होतं." मला ते काम असलं की 'विनायकराव' म्हणत आणि काम झालं की 'विन्या'.

दिव्यांचं प्रकरण सुरू झालं माईंच्या माहेरामुळे. माई म्हणजे नानांच्या सौभाग्यवती. त्यांचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. चैत्रात तिथल्या गावदेवीची पालखी सूर्य बुडाल्यावर निघते आणि माहेरवाशिणींनी पालखीपुढे देवीची ओटी भरायची, असा रिवाज. माईंनी लग्न झाल्यापासून तो एकदाही चुकवला नव्हता.

मग ते वर्ष आलं. जेवणाच्या पंगतीत माईंचे भाऊ आप्पा गमतीने म्हणाले, "भाऊजी, तुमच्या जीपचे दिवे म्हणजे देव्हाऱ्यातली निरांजनं. आजची रात्र राहा इथेच." माणसं हसली. नाना भरल्या ताटावरून उठले. "तुमच्या दारात पुन्हा रात्र काढणार नाही," एवढं सुनावून माईंना घेऊन निघाले आणि दोन मैलांवर जीप सरळ शेताच्या बांधावर चढवली. नानांना खरचटलंसुद्धा नाही. माईंचा हात मोडला.

"दोष दिव्यांचा," नानांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. "दिवे सुधारल्याशिवाय माईला त्या रस्त्याने अंधारात नेणार नाही. आणि मुक्काम तर मुळीच नाही!"

म्हणजे दिवे होईपर्यंत माईंचं माहेर बंद. ओटीचा नारळ त्या कोणाच्या तरी हाती पाठवायच्या. "एसटीने एकट्या जाऊन या की," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "ह्यांना संध्याकाळी एकटं टाकून?" मला काही उमजलं नाही. नाना काय पाळण्यातलं बाळ होते?

पहिल्या वर्षी नानांनी मूळचे दिवे उपटून हॅलोजन बसवले. त्यासाठी आम्ही दोघं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये किशनसेठच्या दुकानात गेलो. किशनसेठ सिंधी, गोल, हसरा माणूस. बल्ब हातात धरून म्हणाला, "साईं, ये बल्ब नहीं, सूरज है. सामनेवाला आशीर्वाद देके बाजू हो जाएगा."

रविवारी संध्याकाळी चाचणी. चाचणी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर, कारण गल्लीत तेवढी एकच भिंत सरळ होती. नानांनी टेप धरून बरोबर पंचवीस फुटांवर जीप लावली, भिंतीवर खडूने दोन फुल्या मारल्या आणि मला फुल्यांजवळ उभं केलं. दिवे लागले. मी डोळ्यांवर हात घेतला.

"विनायकराव, फुली दिसते?"

"नाना, फुलीच्या आत चालणारी मुंगी दिसते!"

नाना स्टिअरिंगवर पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मंद आहे." आणि ओट्यावर उभ्या असलेल्या माईंकडे वळून, "काय गं?"

"मंदच वाटतो हो," माई म्हणाल्या.

मी चाटच पडलो. ज्या बाईचं माहेर या दिव्यांवर अडलंय, तिने एकदा 'झकास' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण नाही.

नाना कामाला लागले. जुन्या बारीक तारांतून वीज गळते, असं निदान झालं. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत करंगळीएवढ्या जाड तारा आल्या, मध्ये दिव्यांना थेट बॅटरीची वीज जोडणारे रिले आले. अर्थिंगची वायर तर तीनदा बदलली. आता नाना दिवे लावायचे तेव्हा शेजारची कोंबडी पहाट झाली समजून खुराड्याबाहेर यायची. निकाल? मंद. माई? "मंदच."

दुसऱ्या वर्षी जुना डायनॅमो गेला, जास्त वीज देणारा अल्टरनेटर आला. मंद. तिसऱ्या वर्षी बंपरवर दोन मोठाले जादा दिवे बसले आणि त्यांच्यापुढे लोखंडी जाळी. आमच्या भिंतीचा रंग त्या उजेडात नुसता पांढरा दिसायचा, आणि गल्लीतली माणसं रविवारी संध्याकाळी मुकाट्याने खिडक्या लावून घ्यायची. मंद! उजेड वाढत होता तसे नाना अधिकच वैतागत होते. "सगळं पसरतंय," ते पुटपुटायचे. "दुधात बघितल्यासारखं. रोख चुकतोय कुठेतरी." मग ते पान्याने दिवा केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचे. मी फुलीपाशी उभा राहून घामाघूम व्हायचो आणि माईंवर मनातून चिडायचो. त्या खोटं बोलतात हे मला दिसत होतं. का बोलतात, ते देवाला ठाऊक.

एकदा किशनसेठच कंटाळला. "साईं, मेरे दुकान का सब माल लगा दिया. अब बल्ब छोडो, एक बार आंख दिखाओ किसी को." मी मोठ्याने हसलो. नाना हसले नाहीत. एरवी टवाळी करणाऱ्यालाच चहा पाजणारा हा माणूस, त्याने सामान तिथेच काउंटरवर ठेवलं आणि तडक बाहेर पडला. सिंध्याच्या एवढ्याशा थट्टेत राग येण्यासारखं काय होतं, हेही माझ्या न कळलेल्या गोष्टींत जमा झालं.

त्या वर्षी चैत्रातल्या जत्रेच्या आदल्या दिवशी नाना माझ्या दारात आले. हातात जीपची किल्ली.

"विनायकराव, तुम्हाला जीप येते ना?"

"येते. पण तुम्ही असताना..."

"माझी कंबर धरली आहे. उद्या माईला माहेरी न्यायचंय."

"हो ना," मागून माई घाईघाईने म्हणाल्या, "कालपासून उठता-बसता येत नाही ह्यांना!"

नाना तेव्हा सरळसोट उभे होते. सकाळी मी त्यांना गच्चीवर पाण्याची बादली नेताना पाहिलं होतं. मी किल्ली घेतली आणि विचार करणं सोडून दिलं.

आम्ही ऊन असतानाच पोचलो, त्यामुळे ते दिवे लावायची वेळच आली नाही. आप्पा अंगणात उभे होते. नाना आणि ते एकमेकांना नमस्कार करून दोन टोकांना बसले. सूर्य बुडाला. ढोल वाजले. सगळं गाव देवळापुढे लोटलं.

मी गर्दीत माईंच्या अगदी मागे होतो. त्यांच्या एका हातात ओटीचं ताट होतं आणि दुसऱ्या हाताने त्यांनी नानांचा दंड धरला होता. इतक्या वर्षांत त्या दोघांना चारचौघांत असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं कंबर. मग माईंचा आवाज कानावर आला. अगदी हलका.

"निशाण गेलं. आता मशालवाले आहेत, डावीकडे सरका. पायरी आहे हं पुढे, एकच. आली पालखी. वाका."

नाना वाकले. पालखी अजून दोन हात लांब होती. मशालींचा उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडला होता आणि डोळे भलतीकडेच बघत होते.

तीन वर्षं माझ्या डोक्यात जे बसत नव्हतं ते त्या एका क्षणात बसलं. दिव्यात काही दोष नव्हता. बांधावर जीप चढली त्या रात्रीही नव्हता. मोतीबिंदू असेल, आणखी काही असेल. दिवसाउजेडी निभत होतं, अंधारात मात्र या माणसाला दिसत नव्हतं आणि हे कबूल करण्यापेक्षा त्याने अख्खी जीप उलगडून पुन्हा बांधली होती.

ओटी भरून झाल्यावर मी माईंना बाजूला गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"बायको आहे मी त्यांची," माई म्हणाल्या. "डॉक्टरांचं नाव काढलं की जेवण सोडतात. दिवे छान झाले म्हटलं असतं, तर त्याच रात्री गाडी काढली असती त्यांनी. मग माहेर काय करायचं होतं मला?"

मी या बाईवर तीन वर्षं चिडत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

जेवणं झाली. आप्पा चाचरत नानांपाशी आले. "भाऊजी, रात्र झाली. म्हणजे... तुमची मर्जी, पण अंथरुणं घालू काय?"

नाना म्हणाले, "घाला. बाहेरच्या ओटीवर घाला, वारा येतो."

माईंनी पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेल्या.

ओटीवर नानांच्या शेजारी माझं अंथरूण होतं. कंदील कोणीतरी आत नेला. मला वाटलं नाना झोपले.

"विन्या," ते म्हणाले, "दिवे चांगले होते ना रे?"

"उत्तम होते, नाना."

"पहिले हॅलोजनसुद्धा?"

"तेसुद्धा."

"वाटलंच मला. माईला खोटं बोलता येत नाही, तोंड फिरवून बोलते. ते मात्र मला दिसायचं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"तुम्ही सगळे म्हणायचात लख्ख आहे, लख्ख आहे. मला भीती वाटायची रे. ती एकटी म्हणायची, मंद आहे. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. वाटायचं, इथे मी एकटाच नाही."

असं म्हणून ते कुशीवर वळले.