वाटेत उभा आणि वाटेत आलेला

बाळ एकदाचं झोपलं, तेव्हा तिने श्वाससुद्धा बेताने घेतला. सकाळपासून पाठ टेकली नव्हती. आता बाळाला खांद्यावर घेऊन घरातल्या बोळातून खोलीत जायचं, त्याला पाळण्यात ठेवायचं आणि शेजारच्या पलंगावर स्वतःला टाकून द्यायचं. आयुष्याकडे तिचं एवढंच मागणं उरलं होतं.

बोळात नवरा होता. जमिनीवर दुधाची रिकामी बाटली उभी करून तिच्याभोवती खेकड्यासारखा आडवा सरकत होता. आठवडाभर बँकेत मान मोडायची आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा पंच व्हायचं, ही त्याची हौस. गेल्या सामन्यात त्याने एका खेळाडूविरुद्ध अडथळ्याची शिट्टी फुंकली, त्या फ्री किकवर गोल झाला आणि खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा संघ हरला. डॉक्टर आज जाब विचारायला येणार होते, म्हणून ही तालीम.

"सरक," ती नुसते ओठ हलवून म्हणाली.

"हो, हो!" तो डावीकडे झाला. ती तिकडूनच निघाली होती. ती उजवीकडे वळली, तर हाही लगबगीने उजवीकडे.

"अगं, मी वाट देतोय तुला!"

"नको देऊस. नुसता उभा राहा."

तेवढ्यात बेल वाजली. बाळाच्या भुवया वर गेल्या.

डॉक्टर आले ते बोलतच. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलायची त्यांना धंद्यामुळे सवय होती. "माझा खेळाडू नुसता उभा होता हो! आपल्या जागी उभं राहायचा हक्क आहे प्रत्येकाला!"

"उभा कुठला? समोरचा पळत आल्यावर मुद्दाम त्याच्या वाटेत सरकला. चेंडू पायाशी असला तर खुशाल आडवं उभं राहावं, नियमाला मान्य आहे. चेंडू होता तिकडे कोपऱ्यात!"

"दाखवा करून!"

मग बाटली चेंडू झाली, डॉक्टर बचावपटू झाले आणि बोळाचं मैदान झालं. ती बाळाला थोपटत भिंतीला चिकटून उभी राहिली. हात बधिर झाला होता. डोळे मिटत होते.

"कसला हा गलका?" खोलीच्या दारात स्टुलावर बसून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "पोर उठेल ना!"

"डॉक्टर," ती थकून म्हणाली, "आमच्या आईंकडे बघा. सकाळपासून त्या दारात बसल्यात. मी दर वेळी वळसा घालून जाते. त्या वाटेत आहेत, पण त्यांचा अडथळा नाही. आणि हा मला मदत म्हणून दर वेळी माझ्याच पुढ्यात सरकतो. हा अडथळा."

डॉक्टरांचं तोंड बहुधा पहिल्यांदाच दुसऱ्या कुणामुळे उघडं राहिलं. "सरकला होता खरा आमचा," ते पुटपुटले, आणि उतरलेल्या चेहऱ्याने निघाले. जाताना सभ्य माणसासारखं त्यांनी दार ओढून घेतलं. धाडकन.

बाळाने टक्क डोळे उघडले.

ती खोलीकडे वळली. बोळाच्या मधोमध नवरा खांबासारखा उभा. चेहऱ्यावर नव्या ज्ञानाचं तेज.

"बघ, तसूभरही हलत नाहीये! आता आहे का माझा अडथळा?"

"शहाणाच आहेस," सासूबाई म्हणाल्या. "अरे, तिने जायचं कुठून?"

बाळाने भोकाड पसरलं. तिने ते शांतपणे नवऱ्याच्या हातात दिलं.

"आता चेंडू तुझ्याजवळ आहे. अडव हवं तितकं."

"अगं, पण हा थांबतच नाहीये... ऐक ना..."

ऐकायला कोणी नव्हतं. ती हॉलमधल्या सोफ्यावर, एक चप्पल पायात तशीच ठेवून, गाढ झोपली होती. तेव्हा मात्र सासूबाई सकाळपासून पहिल्यांदा जागच्या हलल्या. घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली आणि बोळातून हॉलकडे निघाल्या.

"हो बाजूला," त्या लेकाला म्हणाल्या.

तो लगबगीने बाजूला झाला. नेमका त्यांच्याच पुढ्यात.