हिरोजीराव किनेज यांची स्वारी आणि पहिल्या तुऱ्याची हकीकत

श्री. जो देहास चालवितो आणि आपण दिसत नाही त्यास नमन करून, आणि ज्या चिमुकल्या राज्यांच्या खांद्यावर तो देह उभा त्यांसही दंडवत घालून, यथामति लिहिले ऐसे जे: शके १८९०, कीलक नाम संवत्सरे, देहाचे मुलखांत यकृत म्हणोन थोर प्रांत, त्यांत अगणित पेशी, एकेक पेशी म्हणजे एकेक दौलत, त्यांतील एका बिननावाच्या दौलतीत वर्तले ते येणेप्रमाणे.

दौलतीत साखरेचे कोठार भरलेले, आणि कोठारावर हवालदार, परंतु तो पगडीत तुरा असल्याशिवाय कुलपास हात लावीत नसे. तुरा फॉस्फेटाचा, चिमटीत मावेल एवढा, पण खोचला की पेंगणारा मनुष्य उठोन कामास लागे आणि उतरला की पुन्हा भिंतीस टेके. हे तुरे खोचणारी जात ती किनेज. त्यांत हिरोजीराव बहुत शूर, बहुत उतावळे, दिसेल त्याचे पगडीत तुरा खोचावा हाच स्वभाव. त्यांस आवरावयास खाशा बायको म्हाळसाबाई. बाईंनी आपला हात रावांचे मुठीत द्यावा, रावांनी त्यासच पगडी समजोन तुरा खोचूं पाहावा, मनगटावर खोचावयास जागा नाही, मग रावांनी हसावे आणि बसोन राहावे, ऐसा त्यांचा संसार. लोक म्हणत, सरदार बायकोच्या मुठीत. बाई म्हणत, "उलटे सांगता. मीच त्यांच्या मुठीत हात देऊन बसल्ये. काढला तर गावभर तुरे वाटीत सुटतील, मग कुणाच्या बापाला आवरायचे नाहीत."

ऐशास एके दिवशी देहाचा धनी, कोणी मास्तर, सायकलीवरून जात असतां त्याचे मागे कुत्रे लागले. हे दौलतीत कोणास ठाऊक नाही. इतकेच कळले की बाहेरून हाकारा आला आणि वेशीवर थाप पडली. हाकाऱ्याने आंत पाऊल ठेवूं नये ही चाल, म्हणोन वेशीचे मंडळींनी आंतल्या आंत जासूद तयार केले, कमरेस गोल पट्टा हीच त्यांची खूण, आणि ते धावत रावांचे वाड्यांत आले. आतां म्हाळसाबाईंचे माहेरची रीत ऐसी की दारी आल्या जासुदास दोहों हातीं धरोन पाटावर बसवावे. बाई उठल्या, हात पुढे केले, आणि रावांचे मुठीतून बाईंचा हात सुटला. राव जोडे घालीत म्हणाले, "येतो गं." बाई म्हणाल्या, "पगडी तरी सरळ करा." तोंवर राव चौकापार गेले.

मग रावांनी एकास तुरा दिला, त्याने पुढच्या दहांस दिला, ऐसे करीत तुरा हवालदारापावेतो पोहोचला, आणि कोठार उघडले, आणि साखर वेशीबाहेर लोटली, आणि मास्तरांनी पायडल ऐसे हाणिले की कुत्रे थकोन नाल्यापाशी बसले. हाकारा थांबला. फत्ते जाहली. परंतु जासूद पाटावरून उठेनात आणि राव थांबेनात. फॉस्फेटेज घराण्यांतील आत्याबाई, ज्यांचे काम तुरे उतरविणे, त्या पदर खोचून आल्या आणि बोलिल्या, "एक उतरवावा तों तुझा नवरा दोन चढवितो. माझे कंबरडे मोडले. आवर त्याला."

"हात कुठं मोकळे आहेत, आत्याबाई? पाहुणे बसलेत."

"मग उठव की. संक्रांतीपर्यंत बसवणार आहेस?"

"धरलेला पाहुणा आपण सोडायचा नाही, अशी रीत आहे आमच्यात."

"जाळ ती रीत," ऐसे म्हणोन आत्याबाई पुन्हा तुरे उतरावयास गेल्या. इकडे कोठाराचा तळ दिसूं लागला. रात्री धनी निजला की सर्व मुलूख याच कोठारावर जगावा, तो उपाशी राहील ही एक चिंता. दुसरी चिंता बाईंनी कोणास सांगितली नाही. शेजारचे एका दौलतीत आवरणारी बाईच निवर्तली होती, तिचा सरदार कधी घरी आला नाही, तुरे देतच राहिला, आणि ते राज्य हद्द सोडोन वाढत वाढत अखेर धन्याचेच जिवावर उठले. बाई मनीं म्हणाल्या, आमचे हेही घर विसरले.

इतक्यांत कोंडाजी फरास आला. याचे काम जासुदांचे पट्टे सोडणे. पट्टा सुटला की जासूद तो जासूद नव्हे, साधी रयत. हा वाड्यास लागोनच राही, दोहों घरांस आढे एकच, पण मोठा आळशी. आज मात्र तो वारे प्यालेला, वेशीपासून सपासप पट्टे सोडीत आला. जासूद म्हणाला, "अरे, पान तरी खाऊं दे." कोंडाजी म्हणाला, "घरी जाऊन खा." एकेक करोन पाट रिकामे जाहले.

बाईंनी पाहिले, कोंडाजीचे पगडीत तुरा. "हा रे कुणी दिला?"

"सरकारांनीच की, वहिनीसाहेब. निघतानाच. पहिला माझाच. म्हणाले, कोंडाजी, हात चालव, नाहीतर मी लवकर यायचा नाही."

बाईंनी रिकामे पाट उचलोन भिंतीस लाविले. राव घामाघूम परत आले, पगडी वाकडीच. बाईंनी मोकळा हात त्यांचे मुठीत दिला. रावांनी संवयीप्रमाणे मनगटावर तुरा खोचूं पाहिला, जागा मिळाली नाही, आणि हसोन बसले. बाहेर आत्याबाईंनी हवालदाराचे डोईवरचा तुरा उतरविला आणि कुलूप पडले. कोठारांत रात्रीपुरते उरले होते.

एवंच, शूराने स्वारीस जावे, परंतु पहिला तुरा त्यास द्यावा जो आपणांस घरी आणील. हे ज्या दौलतीस उमगले ती नांदली. मास्तर त्या रात्री स्वस्थ निजले. इति.