दर चौरस सेंटिमीटरला दहा शिरा

पानातल्या शिरा पाणी वाहतात आणि त्या पाण्याच्या जोरावर पान उन्हात अन्न तयार करतं, ही गोष्ट मुख्य कार्यालयाला उशिरा का होईना, कळली. कळल्याबरोबर परिपत्रक निघालं: कार्यालयातील प्रत्येक झाडाच्या पानास दर चौरस सेंटिमीटरमागे किमान दहा शिरा असाव्यात, कमी भरल्यास झाड कामचुकार समजून हटवावे.

प्रतीक्षागृहातलं एकुलतं एक झाड माळीकाकांनी नऊ वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. तपासनीस बाईंनी पानाला भिंग लावलं आणि दोनदा मोजलं.

"सहाच भरतात, काका."

"बाई, ते सावलीत वाढलंय. ऊनच नाही, तर जास्तीचं पाणी वाहून करायचं काय त्यानं? खिडकीत ठेवू द्या, नवी पानं दाट शिरांची येतील."

"खिडकीत कपाट आहे."

"मग कपाट हलवा की."

"कपाटाला किती शिरा असाव्यात, याबद्दल परिपत्रकात काही नाही. त्यामुळे कपाट नियमात बसतं."

झाडाला सुधारण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मिळाली. पूर्ण वाढलेल्या पानाला नव्या शिरा फुटत नाहीत, असं काकांनी लेखी कळवलं. 'खुलासा झाडाने स्वतः सादर करावा' असा शेरा मारून अर्ज परत आला. सोळाव्या दिवशी दोन शिपायांनी कुंडी उचलून मागच्या अंगणात नेऊन टाकली. काकांना त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

त्या जागी प्लास्टिकचं झाड आलं. शिरा चौदा, सगळ्या सारख्या, शेरा 'उत्कृष्ट'. आता आपलीही गच्छंती, असं काकांनी धरलं होतं. पण झाडाला पाणी घालणाऱ्याचं पद मंजूर होतं, म्हणून ते तरले. रोज सकाळी ते प्लास्टिकला तांब्याभर पाणी घालतात आणि मग फरशी पुसतात.

इकडे अंगणातल्या उन्हात जुन्या झाडाला नवी पानं आली. काकांनी भिंग मागून आणलं. बारा भरल्या. ते धावतच बाईंकडे गेले.

"आता तरी आत घ्या त्याला."

"छानच झालं," बाई म्हणाल्या, "पण ते आता यादीत नाही. आणि आतल्या या झाडाबद्दल कुणाची तक्रार आहे का? उलट हे बघा."

त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. 'झाडामुळे इथली हवा किती ताजी वाटते.' एकाखाली एक, हेच. काकांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं. सगळी शिकलीसवरलेली माणसं.

गेल्या महिन्यात दाखल्यासाठी तुम्ही तिथे तासभर बसला होतात ना? तुमचंही नाव आहे, तिसऱ्या पानावर, वळणदार सहीसकट.