मास्तरणीचा खुराक

कापड असो की गाय, एकदा नजर टाकली की मला माप कळतं. निदान तेव्हापर्यंत माझा तसा पक्का समज होता. मी शिंपी. पुढे दुकान, मध्ये घर आणि मागे गोठा. गोठा माझ्या थोरल्या बहिणीचा. यजमान गेल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली ती आपल्या गाई घेऊनच, आणि तेव्हापासून घरात मीही राहतो याचा तिला अधूनमधून विसर पडतो.

त्या हंगामात आसपासच्या गोठ्यांत गुरांचा ताप फिरत होता. आधीच्या साथीत आमची एक गाय गेली होती. ताई तेव्हा रडली नाही. पण त्या रिकाम्या जागेवर ती रोज झाडू मारायची, गव्हाण पुसून ठेवायची, जणू गाय संध्याकाळी चरून परत येणार होती. मला ते बघवायचं नाही. म्हणून या खेपेला गुरांच्या डॉक्टरीणबाई येऊन लस टोचून गेल्या, तरी मी ठरवलं, आपणही काहीतरी करायचं.

दुकानात रेडिओ चालू असतो. त्यावर एकदा गुरांची ताकद वाढवणाऱ्या वनस्पतींची माहिती लागली. लसूण, हळद, आलं, शेवग्याचा पाला. सगळं ठेचून कोंड्यात मिसळायचं. किती मिसळायचं तेही सांगितलं, पण नेमकं तेव्हा मी एका पडद्याची लांबलचक शिलाई मारत होतो आणि मशीनच्या आवाजात प्रमाण वाहून गेलं. म्हटलं, काही अडत नाही. आपली नजर आहे ना.

ताईला सांगितलं नाही. तिच्या गाईंना मी परस्पर काही घालतोय हे कळलं असतं तर तिनं मलाच दाव्याला बांधलं असतं. सकाळी ती दूध घालायला बाहेर पडली, की मी दुकानाच्या मागच्या खोलीत लसूण ठेचायचो, कोंड्याचे गोळे करायचो आणि गोठ्यात जायचो. सगळ्या गाई एकेक गोळा खाऊन गप्प व्हायच्या. एक मात्र खाऊन झालं तरी माझ्याकडे बघत राहायची, गृहपाठ न करता आलेल्या पोराकडे बघावं तशी. म्हणूनच तिचं नाव मास्तरीण पडलं होतं. ती ताईची सगळ्यात लाडकी. तिला मी दुसरा गोळा द्यायचो. कधी तिसराही.

घरात लसणाचा वास भरून राहिला. मी साबणानं हात चोळचोळून धुवायचो आणि ताई जवळ आली की खिशात घालायचो. गंमत म्हणजे ताईही त्या दिवसांत पदराआड हात ठेवून बोलायची. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

मग एका सकाळी मास्तरणीनं गव्हाणीत तोंड घातलं नाही. मान खाली घालून उभी राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ताईनं तिच्या कानाला हात लावला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आला."

"कोण?"

"ताप."

मी दुकानात गेलो आणि नेहमीपेक्षा दुप्पट लसूण ठेचला. ताईची पाठ वळताच मास्तरणीच्या तोंडात कोंबला. दुपारपर्यंत तिचं पोट फुगलं, दूध आटलं आणि ती बसली ती उठेना. तेव्हा ताईनं गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली आणि प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, आमच्याकडे साथ आली आहे, आपापली गुरं सांभाळा. लपवाछपवी तिला जमत नाही, असं मला वाटायचं. शेजाऱ्यांनी गुरं गल्लीबाहेर हलवली. एकानं तर कोंबड्याही हलवल्या.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ताप मोजला, मग पुन्हा मोजला. पोटाला कान लावला. मास्तरणीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बराच वेळ बघितली.

"ताप नाही," त्या म्हणाल्या. "हिला काय खायला घातलंत?"

"वैरण," ताई म्हणाली.

"वैरण," मीही म्हणालो.

एवढ्यात दोरी ओलांडून आमच्याकडून दूध घेणारा बेकरीवाला आत आला. हातात झाकलेला वाडगा होता. दोन रात्री झोपला नसावा असा चेहरा.

"ताई, तुमच्याच दुधाचं कस्टर्ड आहे. जरा चाखून बघता?" तो म्हणाला. "मी बायकोला बोललो, भांडी नीट घासत नाहीस म्हणून. ती माहेरी गेली. मग सगळी भांडी मी स्वतः घासली. तरी कस्टर्डला लसणाचा वास येतोच आहे."

डॉक्टरीणबाईंनी वाडगा नाकाशी नेला. मग वाकून मास्तरणीच्या तोंडाचा वास घेतला. मग आम्हा दोघांकडे बघितलं. त्या नजरेपुढे मास्तरीण काहीच नाही.

"मी थोडासा..." मी सुरुवात केली.

"मी थोडासा..." ताईनंही त्याच क्षणी सुरुवात केली.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मी सकाळी घालत होतो. ती संध्याकाळी घालत होती. मास्तरीण आजारी पडल्यावर, माझी पाठ वळताच, तिनंही दुप्पट लसूण घातला होता.

"चिमूटभर म्हणाले होते मी," डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या. "तेही हौस असेल तर. खरं काम लस करते. लसूण असा पोत्यानं घातला तर गुराचं रक्त कमी होतं. पापणी अजून गुलाबी आहे, वेळेवर बोलावलंत. सगळं बंद. सुकी वैरण, पाणी आणि मी देते ते पोटाचं औषध."

बेकरीवाला वाडगा तिथंच ठेवून सासुरवाडीला गेला. घाईत होता, पण चेहरा जाताना जास्तच उतरलेला होता.

संध्याकाळी मास्तरीण उठली. रवंथ करू लागली. तो आवाज ऐकत आम्ही दोघं गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू म्हणाला असतास, ताई पुन्हा घाबरली." ती रिकाम्या गव्हाणीकडे बघत होती. "आणि तू?"

"तू घाबरू नयेस म्हणून."

तिनं माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. आधीच्या गाईबद्दल ती त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोलली. मग थोडी रडलीही. मी उठून गेलो नाही. यापुढे गोठ्यातलं काहीही एकमेकांना विचारल्याशिवाय करायचं नाही, असं आम्ही अगदी गंभीरपणे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात सदऱ्याची काजं करत बसलो होतो. उन्हं वर आली तसा मागून सगळ्या गाईंचा एकदमच हंबरडा सुरू झाला. मी धावलो. समोरून ताईही धावत आली.

"काय झालं? काय घातलंस तू?" तिनं विचारलं.

"मी? काही नाही. तुला विचारल्याशिवाय कसं घालणार?"

"मीही तुझीच वाट बघत होते."

मास्तरणीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सकाळपासून कोणीच वैरण टाकली नव्हती.