कोनपर्यंतचे धक्के

पनवेलहून कोनला जाताना निसीम मास्तरांच्या मोटारसायकलवर रूबीबाईंच्या पाठीत लचक भरे. संध्याकाळी त्याच मोटारसायकलवरून, त्याच रस्त्याने परतताना त्यांना झोप लागे.

साल १९५२. मास्तरांचे घराणे कोकणातल्या ज्यू 'शनिवार तेल्यां'चे, म्हणजे शनिवारी काम न करणाऱ्या तेल्यांचे. मास्तर पनवेलच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत, रूबीबाई कोनच्या प्राथमिक शाळेत. मास्तर त्यांना सकाळी पोचवत व संध्याकाळी आणत. मोटारसायकल लष्कराच्या लिलावातली होती.

"अहो, सोमवारपासून मी महादेवच्या बैलगाडीनं जाईन," रूबीबाई म्हणाल्या. "तिच्यात निदान पाटी-पुस्तकं तरी तपासता येतील."

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाची पत्नी भर बाजारपेठेतून बैलगाडीने जाणार, या कल्पनेने मास्तरांना जेवण गोड लागेना. त्यांनी दोष पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावर निश्चित केला. (चिमटा म्हणजे रस्त्याचे धक्के प्रथम स्वतःकडे दाखल करून घेऊन, योग्य छाननीनंतर ते बसणाऱ्याकडे रवाना करणारे खाते.)

पर्याय तीन निघाले: जुन्या चिमट्याला नवी, मऊ स्प्रिंग, सांध्यांत जाड रबर, किंवा एकात एक सरकणाऱ्या, तेल भरलेल्या नळ्यांचा आधुनिक चिमटा, जो मुंबईच्या एका मित्राने चाचणीपुरता दिला.

पनवेलकरांची नागरी जाणीव येथे नमूद करणे अगत्याचे आहे. दुसऱ्याच्या वाहनावर फुकट मत देणे या गावात असभ्य मानतात. आधी पुढचे चाक अंगठ्याने दाबायचे, "हवा कमी आहे" म्हणायचे, ओटीवरच्या पंपाने स्वहस्ते हवा मारायची आणि मगच मत द्यायचे, असा येथला शिष्टाचार. रोज सकाळी मास्तरांच्या दारी असे पाच-सहा सभ्य गृहस्थ जमत.

"तेलाचा चिमटा बसवताव तं तेल इकत कशाला घेताव, मास्तर?" मिठागरवाले भगवान पाटील पंप मारता मारता म्हणाले. "तुमच्या आज्याचा घाना व्हता ना?"

"घाणा शनिवारी बंद असायचा, पाटील. तुमची जीभ कधी असते?"

चाचणीसाठी हँडलला ताकाने काठोकाठ भरलेला तांब्या बांधण्यात आला. कोनला पोचेपर्यंत मऊ स्प्रिंगने अर्धा तांब्या सांडला, रबराने अर्धा, आधुनिक चिमट्याने अर्धा. तिन्ही पर्याय समसमान उत्कृष्ट ठरले. सांडलेले ताक रूबीबाईंच्या लुगड्यावर उडाल्याने सोमवारचा निर्णय कायम झाला.

रविवारी मास्तरांनी हार मानून जुना चिमटा परत चढवला. सोमवारी सकाळी मात्र दारी कोणीच नव्हते. काशिराम शेटकडे नवा रेडिओ आला होता व सारे सभ्य गृहस्थ त्याची एरियल कशी बांधावी हे सांगायला गेले होते. महादेवची गाडीही तिकडेच अडकली. नाइलाजाने रूबीबाई मागे बसल्या.

कोन आले तेव्हा त्यांचे डोके मास्तरांच्या खांद्यावर होते. झोप लागली होती.

मास्तरांनी त्यांना हलकेच उठवले, मग चाकाच्या व्हॉल्व्हला थुंकी लावली. बुडबुडा आला.

कारण पुढीलप्रमाणे. सकाळी सल्लागार चाक दगडासारखे टणक करून देत. व्हॉल्व्ह गळका होता आणि हायस्कुलाच्या आवारात सल्लागारांना मज्जाव होता. त्यामुळे संध्याकाळपर्यंत हवा बेताची होई. चिमट्यात कोणताही दोष नव्हता.

यावर वाचकांना चौथा पर्याय सुचलाच असेल. शिष्टाचाराप्रमाणे आधी हवा मारावी; पंप ओटीवर आहे.